गाणी भरून मिळतील : भिवंडीत आवाजाची साठवण, फितीपासून कुलूपबंद फाइलीपर्यंत

भिवंडीत गाणी साठवण्याचा आणि वाटण्याचा इतिहास यंत्रमागाच्या इतिहासाला लागूनच चालतो. ठाण्याच्या ईशान्येला, कामवारी नदीच्या काठी वसलेले हे गाव आधी हातमागाचे होते. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून निघालेले मोमीन विणकर ज्या गावांत स्थिरावले, त्यांत मालेगावप्रमाणे भिवंडीही होती. १९३० च्या दशकात इथे हातमागाची जागा विजेवर चालणारे माग घेऊ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांचे बरेचसे विणकाम भिवंडीकडे वळले. २०११ च्या जनगणनेपर्यंत शहराची लोकसंख्या सात लाखांवर पोचली होती.

या वाढीबरोबर अनेक भाषांचे श्रोते एका गावात आले. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेला कामगार भोजपुरी बिरहा आणि कजरी घेऊन आला. पद्मानगरात वसलेल्या पद्मशाली विणकरांची भाषा तेलुगू. जुन्या मोमीन मोहल्ल्यांत उर्दू मुशायरा, कव्वाली आणि पैगंबरांची स्तुती गाणारी नात यांची परंपरा आहे. शहराभोवतीच्या काल्हेर, कशेळी, अंजूर या गावांत आगरी समाज आहे आणि लग्नात धवलारीण जे धवले गाते ते तिथले खास धन. शिवाय भीमगीते, कोळीगीते आणि हिंदी चित्रपटसंगीत सगळीकडेच. इतक्या वेगवेगळ्या कानांना पुरे पडेल असा एकच कार्यक्रम रेडिओवर लागणे शक्य नव्हते. त्यामुळे गाणी स्वतः निवडून, एकत्र बांधून जवळ ठेवण्याची गरज इथे लवकर निर्माण झाली.

तबकडी आणि रेडिओ

भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा १९०२ मध्ये सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग त्या वर्षी कोलकात्याला आले आणि नोव्हेंबरात त्यांनी गौहर जानचे गाणे मुद्रित केले. लाखेपासून बनवलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा ख्याल किंवा रात्रभर चालणारा बिरहा तेवढ्यात बसवायचा, तर कलावंताला तो कापूनच गावा लागे. म्हणजे आवाज दाबून बसवण्याचे काम यंत्राच्या आधी गायकाने केले. तबकडी विकत घेणाऱ्याला तीवर काही भरता येत नसे आणि तिची नक्कल करणेही त्याच्या हाती नसे. कोणते गाणे कायम राहील, हे सर्वस्वी कंपनी ठरवी.

ग्रामोफोन हे सधन घरातले यंत्र होते. मागावर काम करणाऱ्याला गाणे मिळे ते हॉटेलातल्या रेडिओवर: आधी रेडिओ सिलोन, मग ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती. रेडिओवरचे गाणे फुकट होते, पण ते ऐकले आणि गेले. साठवणीचा प्रश्न फितीने सोडवला.

फीत : पहिले गाठोडे

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट भारतात घराघरांत पोचायला १९८० चे दशक उजाडले. आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी आणलेले टेपरेकॉर्डर हे त्याचे एक कारण. दुसरे कारण देशी कॅसेट कंपन्या. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी किंमत इतकी खाली आणली की तबकडीचा धंदा काही वर्षांत बसला. कॅसेट काढायला खर्च थोडा लागत असल्याने लहान भाषांतल्या, लहान जातिसमूहांच्या गाण्यांनाही बाजार मिळाला. बालेश्वर यादव आणि हीरालाल यादव यांचा बिरहा, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, आगरी-कोळी गीतांचे संच हे सगळे फितीवर आले. एरवी गावच्या जत्रेत किंवा मांडवात ऐकायचे गाणे परगावी, खोलीवर ऐकता येऊ लागले.

कॅसेटचा दुसरा उपयोग पहिल्याहून मोलाचा ठरला. कोरी फीत मिळत होती आणि ती भरून देणारी दुकाने शहरोशहरी निघाली. गिऱ्हाईक गाण्यांची यादी लिहून देई आणि दुकानदार तबकड्यांवरून किंवा इतर फितींवरून ती गाणी साठ किंवा नव्वद मिनिटांच्या फितीवर उतरवून देई. साठ मिनिटांच्या फितीत एका बाजूला सहा-सात गाणी बसत. शेवटचे गाणे अर्धवट तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशोब आधी मांडावा लागे. निवड, क्रम, बांधणी आणि वरच्या कागदावर हाताने लिहिलेली यादी: पुढे संगणकाच्या फाइलीने जी कामे केली, ती सगळी इथे हाताने होत होती.

या फितीला कुलूपही होते. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक खिट्ट्या असतात, प्रत्येक बाजूसाठी एक. खिट्टी पेचकसाच्या टोकाने मोडली की टेपरेकॉर्डरचे मुद्रणाचे बटण दाबलेच जात नाही आणि आधीचे गाणे चुकून पुसले जात नाही. कंपनीच्या कॅसेटवर या खिट्ट्या मुळातच नसत. पण त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की कुलूप उघडे. शिवाय हे कुलूप पुसण्यापासून रक्षण करी, नकलेपासून नाही. नकलेला आळा घालणारी गोष्ट वेगळीच होती. फितीवरून फीत काढली की दर पिढीला खरखर वाढे आणि उंच स्वर मंद होत जात. चौथ्या-पाचव्या नकलेपर्यंत गाणे ऐकण्यासारखे राहत नसे.

आकड्यांत उतरलेला आवाज

१९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने आवाज आकड्यांत मांडला. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची, दर मोजणी १६ बिटांत लिहायची आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी हे करायचे, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ मेगाबाइट लागतात. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर ते न्यायचे तर ३७ फ्लॉप्या लागल्या असत्या. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत सुरू झाले. पुढे टेलिफोनवरच्या मोडेमचा वेग सेकंदाला ५६ हजार बिटांवर गेला, तरी त्या वेगाने असे एक गाणे उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ गेला असता. आकड्यांतल्या नकलेत खरखर वाढत नाही, दहावी नक्कलही पहिलीसारखीच असते. अडचण होती ती आकाराची.

ती जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून सुटली. त्यांची पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि जुलै १९९५ मध्ये तिच्या फाइलींना 'एमपी३' हे शेपूट मिळाले. या पद्धतीचा पाया मानवी कानाच्या एका मर्यादेत आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला कळत नाही. मोठ्या आवाजाच्या लगेच आधीचे आणि नंतरचे क्षणही झाकले जातात. याला आच्छादन म्हणतात.

भिवंडीच्या कारखान्यात हे आच्छादन रोजचेच आहे. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आपटतो आणि एका छताखाली असे कित्येक माग एकदम चालतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि विणकामाच्या शेडमधला आवाज सहज त्यापुढे जातो. शेजारच्या मागावरचा माणूस ओरडला तरी त्याचे शब्द पोचत नाहीत. कामगार हातवारे आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. शब्द हवेत असतात, पण कानाच्या लेखी नसतात. एमपी३ नेमके असेच आवाज शोधते आणि त्यांच्यावर बिट खर्च करत नाही. ढोलकीची थाप पडते त्या क्षणी तिच्याखाली झाकला गेलेला तंबोऱ्याचा बारीक सूर ते वगळते किंवा ढोबळपणे लिहिते. सेकंदाला १,२८,००० बिटांच्या दराने ५३ मेगाबाइटचे गाणे पाच मेगाबाइटच्या आत, म्हणजे अकराव्या हिश्शात बसते. जे वगळले ते मात्र परत मिळत नाही.

हा सौदा लोकांनी आनंदाने पत्करला. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत पाच मिनिटांची सुमारे १४५ गाणी मावू लागली. २००० नंतर स्वस्त चिनी प्लेअर आले आणि 'एकात दीडशे' अशा एमपी३ सीडी रेल्वे स्टेशनांबाहेर आणि आठवडी बाजारांत दिसू लागल्या.

झिप, रार आणि गाठ बांधण्याची कला

आकार लहान करण्याची दुसरी पद्धत आवाजापुरती नव्हती. आब्राहाम लेंपेल आणि याकोब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या रीतीत मजकुराचा जो तुकडा आधी येऊन गेला आहे, तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, इतकी अक्षरे घे' एवढीच खूण लिहितात. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये दाखवलेल्या रीतीत वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटी आणि क्वचित येणाऱ्यांना लांब सांकेतिक रूपे देतात. अमेरिकेतल्या फिल कॅट्झ यांनी या दोन्हींचा मेळ घालणारी पद्धत रूढ केली. त्यांचे पीकेझिप १९८९ मध्ये आले. झिपचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे ती फाइल जगभर चालली. रशियातल्या येवगेनी रोशाल यांचे रार १९९३ मध्ये आणि इगोर पाव्हलोव्ह यांचे सेव्हन-झिप १९९९ मध्ये आले. या पद्धतींत काहीही वगळले जात नाही. उघडल्यावर मूळ फाइल बिटन् बिट परत मिळते.

एमपी३ फाइली झिपमध्ये घातल्या तर आकार जवळजवळ कमी होत नाही. ज्यात पुनरावृत्ती उरलेलीच नाही, त्यात दुसऱ्यांदा दाबण्यासारखे काही सापडत नाही. तरीही लोक गाणी झिप आणि रारमध्ये बांधत राहिले, याची कारणे आकाराबाहेरची आहेत. भिवंडीतून कापड निघते तेव्हा सुटे तागे कोणी पाठवत नाही. ते मोजून, दाबून गाठ बांधतात, गाठीवर खूण घालतात आणि उतरवून घेणारा सुट्या ताग्यांऐवजी गाठ मोजतो. संग्रह-फाइलीचे काम तेच. शंभर गाण्यांऐवजी एकच वस्तू पाठवायची. आत नावे, क्रम, फोल्डर आणि मुखपृष्ठाचे चित्र जागच्या जागी. प्रत्येक फाइलीसोबत एक पडताळणीचा आकडा लिहिलेला असतो. उघडताना तो जुळला नाही तर वाटेत काहीतरी बिघडले हे लगेच कळते. मोठी गाठ ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापण्याची सोयही होती, आणि मोडेमवर दर थोड्या वेळाने तुटणाऱ्या जोडणीच्या काळात तिचा फार आधार होता. रारमध्ये दुरुस्तीची जादा माहिती भरता येई, म्हणजे एखादा तुकडा थोडा खराब निघाला तरी संच वाया जात नसे.

आवाज काहीही न गमावता लहान करायचा असेल, तर सर्वसाधारण झिप उपयोगी पडत नाही. ध्वनिलहरीतला पुढचा आकडा मागच्या आकड्यांवरून अंदाजायचा आणि अंदाजातली चूक तेवढी लिहायची, अशी खास रीत लागते. २००१ मध्ये जॉश कोल्सन यांनी खुल्या केलेल्या फ्लॅकने ती सर्वांच्या हाती दिली. तिच्यात मूळ आकाराच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत पूर्ण आवाज राहतो.

कुलूप

संग्रह-फाइलीला परवलीचा शब्द लावण्याची सोय झिपमध्ये पहिल्यापासून होती, पण ते कुलूप कच्चे होते. १९९४ मध्ये एली बिहाम आणि पॉल कोखर यांनी दाखवून दिले की आतल्या मजकुराची थोडीशी अक्षरे आधीच ठाऊक असतील, तर परवलीचा शब्द न कळताही कुलूप उघडता येते. ध्वनिफाइलींना हा धोका अधिक. त्यांची सुरुवात ठरावीक खुणांनी होते आणि न दाबता तशाच भरलेल्या फाइलीत ती सुरुवात ओळखणे सोपे जाते.

भक्कम कुलूप आले ते नोव्हेंबर २००१ नंतर. बेल्जियमचे योआन दामेन आणि व्हिन्सेंट राइमेन यांची रीत तेव्हा अमेरिकेचे अधिकृत मानक ठरली. एईएस नावाने ओळखली जाणारी ही रीत २००३ पर्यंत झिप, रार आणि सेव्हन-झिप या तिन्ही घराण्यांत पोचली. तिचा गणिती पाया अजून कोणी फोडलेला नाही. कुलूप फुटते ते परवलीचा शब्द छोटा किंवा ओळखीचा असला म्हणजे. झिपची आणखी एक मर्यादा अशी की कुलूप लावले तरी आतल्या फाइलींची नावे बाहेरून वाचता येतात. रार आणि सेव्हन-झिपमध्ये नावेही झाकता येतात.

कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी दाबायचे, मग कुलूप घालायचे. कुलूपबंद मजकूर हा वरून पाहता निव्वळ यदृच्छेने पडलेल्या आकड्यांसारखा दिसतो. त्यात पुनरावृत्ती सापडत नाही, म्हणून नंतर तो दाबला जात नाही.

मेमरी कार्डाचा धंदा

२००५ च्या सुमारास नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड आले, पाठोपाठ मोठ्या आवाजाचे स्वस्त चिनी मोबाईल आले आणि कॅसेट भरून देणाऱ्या दुकानाचा नवा अवतार देशभरातल्या कामगार वस्त्यांत उभा राहिला. टपरीत एक संगणक, एक कार्ड रीडर आणि बाहेर पाटी: 'गाणी भरून मिळतील'. संगणकात फोल्डर लावलेले असत: भाषेप्रमाणे, गायकाप्रमाणे, सणाप्रमाणे. गिऱ्हाईक गाण्यांची यादी सांगे किंवा नुसते 'गावाकडचे भर' म्हणे. दोन जीबीच्या कार्डात सुमारे चारशे गाणी बसत. ज्याच्याकडे संगणक नाही, इंटरनेट नाही आणि रोमन लिपीत शोध घेता येत नाही, अशा माणसालाही त्याच्या बोलीतले गाणे मिळवून देणारी ही सोय होती. ज्या बिरह्याची किंवा धवल्याची कॅसेट दुकानातून नाहीशी झाली होती, ती गाणी पुष्कळदा या फोल्डरांतच जिवंत राहिली.

कायद्याच्या दृष्टीने यातला बराचसा व्यवहार चोरीचा होता आणि कलावंताच्या पदरी त्यातून काही पडत नसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आली. महाराष्ट्राने स्थानबद्धतेच्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट हा वर्ग जोडला. २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षणासाठी लावलेले तांत्रिक कुलूप हक्क मोडण्याच्या हेतूने फोडणे हाही गुन्हा ठरवला, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

कंपन्यांनी गाण्यांना कुलपे घालून पाहिली होती. ॲपलने २००३ मध्ये इंटरनेटवर सुरू केलेल्या दुकानातली गाणी कुलूपबंद होती. २००९ मध्ये कंपनीने ती कुलपे काढून टाकली. सशुल्क गाणे ठरावीक यंत्रावरच चाले आणि फुकटचे कुठेही, त्यामुळे पैसे देणाऱ्यालाच अडचण सोसावी लागत होती.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, मोबाईलवरचा डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून घेण्याची गरज काही वर्षांत ओसरली. गाणी आता ॲपवर वाजतात. ॲपमध्ये उतरवून ठेवलेले गाणे दाबलेले आणि कुलूपबंद असते आणि किल्ली कंपनीकडे राहते. वर्गणी थांबली की गाणे उघडत नाही. २०१६ च्याच एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केले. भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवून खोलीवर आलेला कामगार गावी जो आवाजी निरोप धाडतो, तोही दाबलेला, कुलूपबंद ध्वनी असतो. इथे मात्र किल्ली बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये असते.

जतनाचा प्रश्न

वाटण्यासाठी बांधलेली गाठ आणि जतनासाठी बांधलेली गाठ यांचे नियम वेगळे आहेत. मराठीत जतनाचे सर्वांत मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेक डिजिटल फितीवर मुद्रित झाल्या आणि पुढे 'पारी' या संकेतस्थळाने गाणाऱ्या बायांच्या नावांसह, गावांसह त्या लोकांपुढे ठेवल्या. या संग्रहाचे बळ आवाजाइतकेच त्या नोंदींत आहे. दुकानाच्या फोल्डरात नेमके तेच हरवले: गाण्याचे नाव 'ट्रॅक ०७' उरले आणि गाणारीचे नाव गेले.

भिवंडी परिसरातल्या घरांत लग्नातल्या धवल्यांच्या, मुशायऱ्यांच्या आणि बिरह्याच्या मुकाबल्यांच्या खासगी फिती असतील, तर त्यांच्यासाठी वेळ थोडा आहे. फितीवरचा चुंबकीय लेप उष्ण-दमट हवेत सुटत जातो. ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सेकंदाला किमान ४८,००० मोजण्या आणि २४ बिट या मापाने फीत उतरवावी. साठ मिनिटांच्या फितीला त्यासाठी सुमारे एक गिगाबाइट लागतो, फ्लॅकमध्ये त्याहून बराच कमी. मूळ प्रत एमपी३मध्ये ठेवू नये. एमपी३ वाटायला ठीक. गाणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि तारीख यांची यादी त्याच गाठीत बांधावी. प्रती किमान तीन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. जतनाच्या प्रतीला शक्यतो कुलूप घालू नये. घरगुती किंवा नाजूक मजकुरामुळे ते घालावेच लागले, तर परवलीचा शब्द कागदावर लिहून किमान दोन जबाबदार माणसांकडे द्यावा. कॅसेटची मोडलेली खिट्टी चिकटपट्टीने भरून निघत होती. एईएसच्या कुलपाचा भक्कम परवलीचा शब्द विसरला, तर आतला आवाज कायमचा गेला असे समजावे.